सोळापैकी तेरा

“कुदळेबाई, त्या दिवशी हूडवर तुम्ही एकट्याच होतात ना?”

सबनीस मॅडम खुशीत असल्या की मी शैलाताई असते आणि रागावल्या की कुदळेबाई. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी मी सकाळी दहालाच कुदळेबाई झाले, तेव्हाच ओळखलं की आज काहीतरी मोठं सांडलंय.

“कुठल्या दिवशी, मॅडम?”

“चौदा जानेवारी. जगदाळे मायलेकींच्या त्वचेचे तुकडे आले तो दिवस. संक्रांत होती, अर्धी लॅब रजेवर होती.”

“हो, मी एकटीच होते. तिळगूळ खाल्ला म्हणून हातसुद्धा दोनदा धुतले होते.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. नुसते आकडे. दाराशी शर्वरी उभी होती. जगदाळ्यांच्या पेशींवर तिची पीएचडी चालली होती आणि तिचं नाक लाल झालेलं होतं.

“प्रत्येक माणसाच्या जनुकांमधल्या ठरावीक सोळा जागा तपासतात,” मॅडम म्हणाल्या. मी ते वाचलेलं होतं, पण रागावलेल्या माणसाला मधे तोडू नये. “प्रत्येक जागी दोन आकडे. एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. म्हणजे आई आणि मूल यांच्यात प्रत्येक जागी किमान एक आकडा सारखा पाहिजेच. मयूरी जगदाळे आणि तिचे वडील, सोळाच्या सोळा जुळतात. मयूरी आणि तिची आई, तीन जागी काहीच जुळत नाही. पहिल्या दिवशी गोठवून ठेवलेली नळी काढून तपासली, तीही तशीच. याचा अर्थ काय?”

“आईच्या नळीत आईच्या पेशी नाहीत.”

“आणि त्या नळ्या भरल्या कोणी?”

नळ्या मीच भरल्या होत्या, हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या त्या काचेच्या पेटीत हात घालून.

“शुक्रवारी आई त्या मुलीला घेऊन तपासणीला येतील तेव्हा त्यांचं रक्त घेऊन पडताळू. तोपर्यंत तुम्ही हूडमध्ये हात घालायचा नाही. चूक पक्की झाली तर…” मॅडमनी चष्मा काढला. “वरच्यांनी मला आधीच दोनदा विचारलंय, बिनशिक्षणाच्या बाईच्या हातात पेशी का देता म्हणून. यापुढे मला उत्तर देता येणार नाही.”

बिनशिक्षणाची हे काही खोटं नाही. माझं शिक्षण नववी. नववी दोनदा केली, म्हणजे तशी दहा वर्षं भरतात. या संस्थेत आले ती काचसामान धुवायला. मुलं लेखांच्या झेरॉक्स वाचून फेकायची, त्या मी घरी कपाटाच्या फळीवर अंथरायला न्यायचे. अंथरताना वाचायचे. मग शब्दकोश घेतला आणि फळ्या उघड्याच राहिल्या. एकदा दिवाळीत एक विद्यार्थी पेशींना खाद्य न घालताच गावी पळाला, तेव्हा मी घातलं. पेशींना दिवाळी-दसरा कळत नाही, त्यांना रोज ताजं लागतं. नुसतं खाद्य घालून थांबले नाही, त्यांतले चांगले पुंजके निवडून वेगळ्या ताटलीत लावलेसुद्धा. मॅडमनी परत आल्यावर सूक्ष्मदर्शकातून बघितलं आणि विचारलं, “हे कोणी निवडले?” मी घाबरत म्हटलं, “मी. खडा आणि तांदूळ वेगळा दिसतोच की, मॅडम.” त्या दिवसापासून निवडण्याचं काम माझं झालं. कागदावर मात्र मी परिचरच होते, आणि पगारातही.

आमचं काम सांगायचं तर असं. माणसाच्या दंडातून मसुरीएवढा त्वचेचा तुकडा घ्यायचा. त्यातल्या पेशींमध्ये चार जनुकं सोडायची आणि महिनाभर खाद्य घालत वाट बघायची. हजारांतली एखादी पेशी उलटी फिरते. आपण कातडीची होतो हे विसरून जाते आणि गर्भातल्या पेशीसारखी कोरी होते. मग तिला टप्प्याटप्प्याने शिकवलं की ती मेंदूची होते, डोळ्याची होते, हृदयाची होते. हृदयाची झाली की बाराव्या-तेराव्या दिवशी ताटलीत आपणहून धडधडायला लागते. मी ते शेकडो वेळा बघितलंय. तरी प्रत्येक वेळी कोणालातरी हाक मारून दाखवावंसं वाटतंच.

मयूरी तेव्हा बारा वर्षांची होती, वडूजची. तिच्या हृदयाला ठोक्यानंतर सावरायला जास्त वेळ लागायचा. एरवी काही कळायचं नाही, पण अचानक मोठा आवाज झाला की ठोका चुकायचा आणि पोरगी धाडकन खाली. शाळेची घंटा वाजली की पडायची. औषधं बरीच आहेत, पण कुठलं तिला मानवेल आणि कुठलं उलटेल हे पोरीवर करून कसं बघणार? म्हणून तिच्या त्वचेपासून तिच्याच हृदयाच्या पेशी बनवायच्या आणि औषधं त्यांच्यावर बघायची. शेजारी आईच्या पेशी, निरोगी, तुलनेसाठी. त्याच आता आईच्या नाहीत असं ठरत होतं.

मी परत धुलाईच्या खोलीत गेले. माझी जुनी स्टुलं, जुना साबण. फक्त हात तेवढे जुने राहिले नव्हते, दुसऱ्याच दिवशी लाल झाले.

मंगळवारी शर्वरी तिथे आली. “ताई, तुम्ही असं करणार नाही हे मला माहितीय,” ती म्हणाली. “पण मग केलं कोणी?”

“तो कागद झेरॉक्स करून दे मला. आणि आपल्याकडे ज्यांच्या पेशी आहेत त्या बाकीच्या अकरा माणसांचेही.”

“काय करणार?”

“फळीवर अंथरणार.”

जेवणाच्या सुट्टीत मी बादली उपडी घालून तिच्यावर बसले आणि पेन्सिलीने एकेक जागा ताडून बघायला लागले. मी जर नळ्यांची अदलाबदल केली असेल, तर ‘आई’च्या पेशी त्या अकरांपैकी कोणाच्यातरी असायला हव्यात. एकाशीही जुळल्या नाहीत. मग दुसरं बघितलं. ही अकरा परकी माणसं मयूरीशी किती जागी जुळतात? कोणी सात, कोणी नऊ. सगळ्यांत जवळचे एक नाशिकचे काका, ते दहा. आणि जिला सगळे परकी म्हणत होते, ती तेरा.

सोळापैकी तेरा. आईइतकी जवळ नाही, परक्याइतकी लांब नाही.

दोनदा नववीला बसूनही हे गणित मला आलं नसतं, पण नातं लगेच आलं. पोर लहान असताना थोरली गेली तर धाकटीला त्याच घरात देतात, आमच्याकडे यात काही अप्रूप नाही. पोराला सावत्रपण नको म्हणून. माझ्या आत्याच्या सासरी झालंय, आमच्या गल्लीत दोन घरांत झालंय. मॅडमच्या घराण्यात चार पिढ्यांत झालं नसेल. त्यांना नळीतली चूक दिसली, मला रंजनाताई दिसल्या.

रंजनाताई म्हणजे मयूरीची आई. त्यांची-माझी ओळख फेब्रुवारीतली. मॅडमनी त्यांना इंग्रजी-मराठी मिसळून सगळं समजावलं, त्यांनी मान डोलावली, आणि बाहेर आल्यावर माझा पदर ओढून विचारलं, “ताई, आता तुमी सांगा.” मी सांगितलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, “म्हंजे माझ्या पोरीच्या पेशींना रोज जेवायला तुमी घालता?”

“हो. रविवारीसुद्धा.”

“आन् तुमाला कोण घालतं?”

पुढच्या खेपेपासून त्यांनी माझ्यासाठी डबा आणायला सुरुवात केली. ज्वारीच्या भाकरी, गवार, कुटून केलेली शेंगदाण्याची चटणी. इतक्या वर्षांत पेशींना खाद्य घालते म्हणून मला खाद्य घालणारी ती एकटीच.

आता मला काहीच करायचं नव्हतं. शुक्रवारी त्यांचं रक्त घेतलं की ते नळीतल्या पेशींशी तंतोतंत जुळणार, माझी चूक नव्हती हे आपोआप सिद्ध होणार आणि हूड परत माझा होणार. त्यासाठी मला फक्त तोंड मिटून बसायचं होतं. उलट आधीच बोलले, तर ती बाई रक्त न देताच निघून जाईल आणि माझ्या माथ्यावरचा डाग कायम राहील. बुधवारी मी तोंड मिटायचं ठरवलं. गुरुवारीही ठरवलं. पण डोळ्यांपुढे सारखं येत राहिलं की एक माणूस चाचणीचा कागद घेऊन येईल आणि मोठ्याने वाचेल. शेजारच्या खुर्चीवर मयूरी बसलेली असेल.

शुक्रवारी अकरा वाजता रंजनाताई आल्या. मयूरीला शेजारच्या दवाखान्यात चोवीस तास ठोके नोंदवणारं यंत्र बसवत होते, वडील तिच्याजवळ होते. आम्ही फाटकाजवळच्या बाकावर बसलो. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि माझे हात बघितले.

“आगं बया! हात कशानं असं झालं?”

“साबणाने. मला परत भांडी घासायला बसवलंय.”

“कशापायी?”

मी सांगितलं. आकडे जुळत नाहीत, नळीत तुमच्या पेशी नाहीत असं सगळे म्हणतायत, आणि ते माझ्या हातून झालं असं ठरतंय.

डब्याच्या झाकणावरचा त्यांचा हात थांबला. फाटकाकडे बघत त्या म्हणाल्या, “झाली असंल चूक. मानूसच हाय. चुकतंय एखाद्या वक्ती.”

मला राग आला, खोटं कशाला सांगू. हिच्यासाठी मी चार दिवस जीव जाळला आणि ही मला खुशाल बुडवते आहे!

“आज तुमचं रक्त घेणार आहेत,” मी म्हटलं.

“घिऊ द्यात की.”

“रक्तही तेच सांगणार, रंजनाताई.”

पहारेकऱ्याचा रेडिओ बाजारभाव सांगत होता. कांदा, बटाटा, लसूण सगळं झाल्यावर मी म्हटलं,

“तुम्ही मयूरीच्या मावशी ना?”

“कुनी सांगितलं? आमच्या भावानं, बाळादादानं?”

“तुमच्याच पेशींनी.”

“चुगलखोर मेल्या,” त्या म्हणाल्या. “आन् मी त्यांच्यापायी वडूजवरनं डबा वाहती.” हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “आठ म्हयन्यांची हुती मयू, ताई. माझी थोरली, उज्जू, गेली तवा आठ म्हयन्यांची. माझं बारावीचं वरीस. दाजी आमच्या दारात पोर घिऊन उभं, आन् ती माझ्याकडं झेपावली. मला कुनी इचारलं न्हाई आन् मीबी कुनाला इचारलं न्हाई. गाव सोडून वडूजला आलो ते हेच्यासाठीच, पोरीला कुनी सांगू नये म्हनून. दोन्ही घरच्यांना शपथ घातलीया.”

“पण फॉर्मवर आईची त्वचा मागितली होती.”

“मग? आईच दिली की.” त्यांनी बाही वर करून दंडावरचा व्रण दाखवला, जणू मी तोच नाकारत होते. “तुमीच म्हनला हुता. कातडीची पेशी आपलं कातडीपण इसरती. तिला निराळं शिकवलं की ती काळजाची हुती. म्हनला हुता का न्हाई?”

“म्हटलं होतं.”

“महिन्याभरात हुती म्हनला. मी बारा वरसं केलं, ताई. मला वाटलं, आता लागली असंल माझी कातडी तिला.”

मी त्यांची बाही हळूच खाली केली.

त्या म्हणाल्या, “मी रक्त देत न्हाई.”

“तुमचा हक्क आहे. सही केलीत त्या कागदावरच लिहिलंय. कधीही नाही म्हणता येतं, कारण सांगावं लागत नाही.”

“आन् तुमचं?”

“माझं काय? साबण चांगला आहे इथला.”

त्या उठल्या. डबा बाकावर तसाच ठेवला. पाच-सात पावलं गेल्या, तेव्हा मला मॅडमचा एक प्रश्न आठवला. फेब्रुवारीतल्या त्या भेटीत त्यांनी विचारला होता आणि मी स्वतः नोंदवहीत उत्तर लिहिलं होतं: आईला कधी फिट येत होती का? नाही.

“रंजनाताई, एवढंच सांगून जा. उज्जूताई कशाने गेल्या?”

त्या पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. “फोनानं.”

“म्हणजे?”

“नवाच फोन घेतलेला घरात. दुपारची पोरीला कुशीत घिऊन निजली हुती. उशाशी फोन वाजला तशी दचकून उठून बसली, आन् मागं पडली ती पडलीच. लोक म्हनले बाळंतीन बाई, बाहेरचं काईतरी झालं.”

“त्याआधी कधी पडल्या होत्या?”

“ल्हानपनी पडायची. फेफरं म्हनायचे.” आता त्या वळल्या. “मॅडमनी मला इचारलं हुतं. आईला फिट येती का. मी न्हाई म्हनलं. ते खोटं न्हवतं ताई, मला कधीच आली न्हाई.”

“मयूरी कशाने पडते?”

“घंटीनं.” म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. ही बाई बारावीला अडकली नसती, तर हिने मला शिकवलं असतं. मी पुढचं काही बोलायच्या आत त्या परत बाकाशी आल्या. “बाळादादाचा पोरगा. प्रथमेश. आमच्या भावाचा. गणपतीत ताशा कडाडला की पडतो. दोन वरसं फिटच्या गोळ्या चालू हायत. त्येलापन हेच हाय व्हय?”

“ते डॉक्टर सांगतील. मी नववी.”

“ताई!”

“असू शकतं,” मी म्हटलं. “आजार तुमच्या बहिणीकडून आला असेल, तर तुमच्या भावातही असू शकतो. त्याच्यातून पोरात. आणि त्याला चालू असलेल्या गोळ्या कदाचित चुकीच्या असतील. पण मॅडम धरून बसल्यात की आई निरोगी, म्हणजे मयूरीत हे नव्यानेच उपटलंय. त्या कशाला कोणाच्या मामाला विचारायला जातील?”

रंजनाताई बसल्या नाहीत. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, परत या हातात घेतली.

“कुठं बसतात तुमच्या मॅडम?”

आत काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण मला ते अजून नीट आठवत नाही. मी दाराशी उभी राहून फडक्याने कोरडे हात पुसत होते. रंजनाताई बोलल्या, मॅडम ऐकत होत्या. मग मॅडमनी एकदम आवाज चढवला, “अहो, पण फॉर्मवर तुम्ही आई म्हणून सही केलीत!”

“मला दुसरं काय म्हनून सही करता येतं ते ठावंच न्हाई,” रंजनाताई म्हणाल्या.

मॅडमनी फॉर्म बाजूला सारला. त्यांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला आणि प्रथमेशचं नाव-गाव सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. “तेरा तुम्ही मोजलेत?”

“हो.”

“मी ती तीनच बघत बसले,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही, त्यांच्या स्वभावात ते नाही. मग विचारलं, “शैलाताई, सोमवारपासून खाद्य कोण घालतंय?”

“शर्वरी.”

“मग इथे काय उभ्या राहिलात? जाऊन बघा, जिवंत आहेत का.”

पेशी जिवंत होत्या. त्या फेकायच्याही नव्हत्या. सख्खी मावशी, आणि तिच्यात तो दोष नाही, तुलनेला चालते असं मॅडमनी ठरवलं. रंजनाताईंचं रक्त मागाहून घेतलं, ते जुळलंच. प्रथमेशची तपासणी पंधरा दिवसांत झाली. मयूरीचाच आजार निघाला, त्याच्या वडिलांच्यातही थोडा होता. त्या गोळ्या बंद झाल्या. गेल्या वर्षी त्याच्या लग्नाची पत्रिका आली, ताशा नाही असं खाली छापलेलं. मयूरी आता तेवीस वर्षांची आहे. आमच्या ताटलीने तिला रामबाण औषध शोधून दिलं असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्रं म्हणतात, त्यांना म्हणू दे. ताटलीने एवढं सांगितलं की आठ औषधांपैकी दोन तिला चुकूनही द्यायची नाहीत. त्या दोनांतलं एक त्याच महिन्यात सुरू करायचं घाटत होतं.

पण मी हे सगळं सांगतेय ते त्या शुक्रवारच्या दुपारसाठी.

मॅडमचं म्हणणं, पोरीला घाईने सांगू नका, समुपदेशक बाई आहेत, पुढच्या खेपेला त्यांच्यासमोर बसून सांगा. रंजनाताई म्हणाल्या, “आत्ता धीर हाय. वडूज येईस्तवर ऱ्हायचा न्हाई.” मग म्हणाल्या, आधी तिला पेशी दाखवा. मॅडमनी कशी कोण जाणे परवानगी दिली. मी दोन ताटल्या बाहेरच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकापाशी आणल्या.

मयूरी आली ती कमरेला यंत्र, गळ्यातून लोंबणाऱ्या वायरी, वरून माझा एप्रन. एप्रन तिच्या घोट्यापर्यंत आला होता.

“ताई, माझ्या पेशी अभ्यास करतात का?”

“तुझ्यासारख्याच. मधेच थांबतात.”

तिने डोळा लावला आणि किंचाळलीच. “आई! हे उडतंय! आई, बघ ना!”

ताटलीत तिच्या पेशी धडधडत होत्या. चार ठोके, मग जरा लांबलेली उसंत, मग पुन्हा चार. मी दुसरी ताटली ठेवली. तिच्यातल्या एका लयीत, घड्याळासारख्या.

“या कोणाच्या? या शहाण्या दिसतात.”

“माझ्या,” रंजनाताई म्हणाल्या.

मी निघायला वळले. त्यांनी न बघता माझं मनगट धरलं. साबणाने सोललेल्या जागीच धरलं, पण ओरडायची ती वेळ नव्हती.

“मयू, आजोळच्या भिंतीवर उज्जूमावशीचा फोटू हाय बघ.”

“हार घातलेला? हां.”

“ती तुझी मावशी न्हाई. मावशी मी हाय.”

मयूरीने डोळा काढला नाही. तिचा एक डोळा मिटलेला होता, दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावलेला. मॅडम कोपऱ्यात उभ्या होत्या आणि तिच्या कमरेच्या यंत्राकडे बघत होत्या.

“म्हणजे हे मला तिच्याकडून आलंय?” मयूरीने विचारलं.

“व्हय.”

“तुझ्याकडून नाही?”

“न्हाई.”

“तुझ्यात नाहीच आहे?”

रंजनाताईंनी नुसती मान हलवली. मॅडम म्हणाल्या, “नाही बाळा. तुझ्या आईच्या पेशी ठणठणीत आहेत. तू बघतेयस त्याच.”

मयूरीने मान वर केली. तोंड रडवेलं झालं होतं, पण आवाज भांडणाचा.

“मग तू मरणार नाहीस?”

“आँ?”

“डॉक्टर म्हणाले होते हा आईबापाकडून येतो. बाबांची तपासणी झाली, बाबांच्यात नाही. तुझं मला कोणी सांगितलंच नाही, मग राहिलं कोण? तूच ना?” ती आता हुंदके देत बोलत होती, निर्जंतुक बाहीला नाक पुसत होती, आणि एरवी त्याबद्दल कोणालाही हाकलून देणाऱ्या मॅडम गप्प होत्या. “मी रोज तुझा हात धरून झोपते, तुला वाटतं मला भीती वाटते म्हणून. मी तुझी नाडी बघत असते. तू झोपलीस की मी मोजते. कुकरची शिट्टी झाली की मी अभ्यास टाकून आत येते, ती तुला बघायला. तुला काय वाटलं, मला भूक लागते?”

“आगं, मग सांगायचं की मला!”

“तू तरी कुठं सांगितलंस?”

रंजनाताईंनी माझं मनगट सोडलं आणि स्वतःचं तिच्यापुढे धरलं. मयूरीने सवयीने त्यावर दोन बोटं टेकली, ओठ हलवत मोजायला लागली, आणि मोजता मोजता मधेच सोडून दिलं.